दुसरा बार

निवडणूक जाहीर झाली की आमच्या सिंधुदुर्गात पोलीस ठाण्यांतून परवान्याची शस्त्रं जमा करायच्या नोटिसा निघतात आणि माझ्या वकिलीच्या ऑफिसच्या बाकावर बंदूकवाले दिसायला लागतात. कुणाची आंब्याची बाग, कुणाचे काजू, कुणाचं भात. माकडं आणि रानडुकरं आचारसंहिता पाळत नाहीत असं प्रत्येकाचं म्हणणं असतं, आणि ते खरंच आहे. मग छाननी समितीकडे अर्ज करायचा की बंदूक शेतीला लागते, जमा करण्यातून सूट मिळावी. अर्ज टाइप होत असताना समोरचा माणूस जरा पुढे सरकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मॅडम, रात्री चोर इलो आणि मी बार काढलंय, तर माका काय होवचा नाय मां?"

मी विचारते, चोर कुठे आलेला? खळ्यात म्हणजे घरापुढच्या अंगणात, बागेत की माजघरात? त्याच्या हातात काय आहे? तोंड तुमच्याकडे आहे की पाठ? यावर समोरचा वैतागतो. त्याला हो किंवा नाही ऐकायचं असतं. काहींना वाटतं घरात शिरला की संपला, कायदा आपल्या बाजूने. दुसऱ्या टोकाचे म्हणतात की आपण बोटही लावायचं नाही, चोराला खुर्ची द्यायची आणि पोलिसांची वाट बघायची. दोन्ही चूक. म्हणून एकदा लिहूनच काढते, पुढच्या निवडणुकीला याचीच प्रिंट देता येईल.

आधी आकड्यांचा गोंधळ. स्वसंरक्षणाची कलमं दंड संहितेत 96 ते 106 होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ती 34 ते 44 झाली. आमच्या वकिलांच्या खोलीतली जुनी मंडळी अजून "शंभर" आणि "एकशे तीन"च म्हणतात. मजकूर जवळपास तोच आहे. एक बदल मात्र मजेशीर आहे. जुन्या कलमात "रात्री केलेली घरफोडी" असं होतं, नव्यात "सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी" आलंय. जूनमध्ये आमच्याकडे सात वाजून गेल्यावर सूर्य बुडतो आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड असतो. तेव्हा कधीतरी कुणी वकील कालनिर्णय घेऊन साक्षीदाराची उलटतपासणी करणार, हे मला आत्ताच दिसतंय.

कायदा बंदुकीबद्दल वेगळं काही बोलत नाही. दांडका, कोयता, बंदूक, सगळ्यांना तीच कलमं. प्रश्न इतकाच, की तुम्ही जे केलंत त्यातून समोरच्याचा जीव जाऊ शकतो, आणि जीव घेण्यापर्यंतचा हक्क त्या क्षणी तुम्हाला होता का? बंदूक झाडल्यावर "मला फक्त जखमी करायचं होतं" हे कोर्टाला पटवणं फार अवघड जातं. "मी पायावर नेम धरला" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा मला छर्‍याच्या बंदुकीचा गुण समजावून सांगावा लागलाय. छरे अंतराबरोबर पसरत जातात. अंधारात, धावत्या माणसाच्या गुडघ्यावर धरलेला नेम मांडीत लागतो, पोटात लागतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोरालाही लागतो.

शरीराच्या रक्षणासाठी जीव घेण्यापर्यंत जाता येतं ते कलम 38 खाली. आपण किंवा दुसरा कुणी मरेल अशी वाजवी भीती, जबर दुखापतीची भीती, बलात्काराचा हल्ला, अनैसर्गिक कृत्यासाठीचा हल्ला, पळवून नेण्यासाठीचा हल्ला, सरकारी मदत मागताच येणार नाही अशा रीतीने कोंडून घालण्याचा प्रयत्न, आणि 2013 च्या दुरुस्तीपासून अ‍ॅसिड फेकणं किंवा फेकण्याचा प्रयत्न. "दुसरा कुणी" यात शेजारीण आली, गडी आला, रस्त्यावरचा अनोळखी माणूसही आला. बायकांच्या मेळाव्यात मी हे कलम मुद्दाम वाचून दाखवते. ज्या बाईवर बलात्काराचा हल्ला होतोय तिने आधी मार खाऊन दाखवावा, अंगावर जखमा याव्यात, मग हात उचलावा, असं कायद्यात कुठेही नाही. हक्क भीतीपासून सुरू होतो, गुन्हा पुरा होण्याची वाट बघावी लागत नाही. कलम 40 तेच सांगतं, आणि पुढे असंही सांगतं की भीती असेपर्यंतच तो हक्क टिकतो. माझ्या मते सगळं प्रकरण या "पर्यंत" शब्दापाशी अडतं किंवा सुटतं.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल यासाठी मला शेजारी शेजारी ठेवायला आवडतात. दोन्ही पंजाबातले, दोन्ही शेतजमिनीच्या वादातले, दोन्हींत बंदूक.

पहिला दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य. घटना 1991 ची. शेतात वाद झाला, समोरच्याने दर्शन सिंगच्या वडिलांच्या डोक्यात गंडासा घातला. गंडासा म्हणजे लांब दांड्याचं पातं, आपल्या कोयत्याचा मोठा भाऊ. मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली, ती छातीत लागली आणि तो माणूस मेला. सत्र न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. त्या निकालात न्यायालयाने स्वसंरक्षणाची दहा सूत्रं मांडली. संकटात सापडलेल्या माणसाने किती जोर लावला हे सोन्याच्या काट्यावर तोलायचं नसतं, आणि समोर प्राणसंकट असताना पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे त्यातलं सार. आमच्याकडच्या दुसऱ्या टोकाच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. तरीही वर्षं मोजा. 1991 ते 2010. सुटका झाली, पण मधली एकोणीस वर्षं कुणी परत दिली नाहीत.

दुसरा 1962 चा, जय देव विरुद्ध पंजाब राज्य. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. सातारचे, पुढे 1964 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. इथेही जमिनीचा ताबा हाच वाद. गावकरी चालून आले, बंदुका चालल्या, माणसं मेली. आरोपींना सुरुवातीला स्वसंरक्षणाचा हक्क होता असं धरूनही न्यायालयाने विचारलं की जमाव पांगायला लागल्यावर, माणसं पळत असताना जे मारले गेले, त्यांचं काय? तिथे भीती संपली होती. भीती संपली तिथे हक्क संपला, आणि पुढच्या गोळ्या साध्या खुनाच्या हिशेबात गेल्या. संकटात असलेल्या माणसाच्या त्या वेळच्या मनःस्थितीला सूट दिली पाहिजे, हेही याच निकालात आहे. दोन्ही वाक्यं एकाच निकालात असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. सूट आहे, ती पहिल्या झटक्याला. माणूस पाठ फिरवून पळत सुटल्यावर झाडलेल्या गोळीला नाही.

म्हणून मी बंदूकवाल्यांना सांगते, पहिल्या बाराचं आपण बघून घेऊ, दुसऱ्याचं उत्तर तयार ठेवा. आमच्याकडे सिंगल बॅरल जास्त. एक बार काढला की बंदूक मोडायची, रिकामं काडतूस काढायचं, नवं घालायचं, बंद करायची, पुन्हा नेम. ठासणीची असेल तर आणखी कठीण. दारू ओता, चिंधी कोंबा, छरे घाला, गजाने ठासा, केप लावा. एवढ्या वेळात चोर दगडी गडगा ओलांडून पलीकडच्या वाडीत पोचतो. तरीही दुसरा बार त्याला लागला असेल, तर सरकारी वकिलाला फारसं काही करावं लागत नाही. तो कोर्टासमोर बंदूक हातात घेतो, भरायला किती वेळ लागतो ते दाखवतो आणि विचारतो, या वेळात आरोपी कशाला घाबरत होता?

याहून वाईट म्हणजे घरी जाऊन बंदूक आणणं. बांधावर भांडण झालं, शिवीगाळ झाली, एकाने दुसऱ्याला ढकललं. मार खाल्लेला घरी गेला, भिंतीवरची बंदूक काढली आणि परत बांधावर आला. परत येताना त्याच्या डोक्यात राग असतो, भीती नसते, आणि राग हा बचाव नाही. कलम 37 ला तेच अभिप्रेत आहे. सरकारी यंत्रणेकडे जायला वेळ होता, तर हक्क नाही. घरी जायला वेळ होता म्हणजे 112 लावायलाही होता. ठाणं लांब आहे, गाडी यायला तास लागतो, हे मला ठाऊक आहे. ते न्यायाधीशांनाही ठाऊक असतं, आणि हल्ला चालू असेल तर ते लांब अंतर तुमच्या बाजूनेच मोजलं जातं. पण हल्ला थांबला असेल तर नाही. आणि भांडण ज्याने स्वतः उकरून काढलं, त्याला समोरच्याच्या बचावाविरुद्ध बचावाचा हक्क सांगता येत नाही.

आता चोर. मालमत्तेसाठी जीव घेण्याइतका हक्क कलम 41 मध्ये आहे आणि तो मोजक्याच ठिकाणी आहे. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या मधली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं किंवा स्फोटकांनी उडवणं, आणि चोरी, नासधूस किंवा गृह-अतिक्रमण अशा परिस्थितीत चाललेलं असणं की रोखलं नाही तर कुणाचा तरी जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल. बाकी सगळ्या ठिकाणी जीव सोडून इतर इजेपुरता हक्क.

खळं म्हणजे घर नव्हे. हे वाक्य आमच्या बंदूकवाल्यांना अजिबात आवडत नाही. खळ्यात उभा असलेला माणूस घरात शिरलेला नसतो, दाराची कडी उचकटतोय तो वेगळा. आंब्याच्या बागेत पाटी भरणारा चोर तर चोरच आहे, पण बाग ही इमारत नाही. रात्रभर राखण करून डोळे लाल झालेल्या बागायतदाराला हे सांगणं सोपं नसतं, कारण एका रात्रीत पेट्याच्या पेट्या जातात आणि वर्षाचं गणित बसत नाही. तरीही पाटी घेऊन पळणाऱ्यावर बार काढलात आणि तो मेला, तर आंब्याच्या पाटीची किंमत तुमचा वकील कोर्टात सांगू शकणार नाही. त्याच चोराने कोयता उगारून तुमच्या अंगावर धाव घेतली, तर मामला चोरीचा राहत नाही, कलम 38 मध्ये येतो. आणि घरफोडीविरुद्धचा हक्कही चोर घरात आहे तोवरच चालतो. तो खिडकीतून उडी मारून बाहेर पडला की जीव घेण्याचा प्रश्न मिटला. गेलेल्या मालाचा पाठलाग करता येतो, पकडता येतं. मारता येत नाही.

"हवेत बार काढलो तर?" हाही नेहमीचा. कायद्यात हवेतल्या बाराला वेगळं स्थान नाही. खरं संकट होतं आणि तुम्ही आधी धाक दाखवलात, तर तुमचा हेतू मारण्याचा नव्हता हे दिसायला मदत होते. संकटच नव्हतं आणि नुसती दहशत घालायला काढलात, तर दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा लागू शकतो आणि परवान्याच्या अटींचं बोलणं वेगळं. लग्नात, मिरवणुकीत हौसेने उडवणाऱ्यांसाठी शस्त्र कायद्यात 2019 पासून खास तरतूद आली आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बंदुकीचा परवाना मिळतो पिकाच्या रक्षणासाठी. शस्त्र कायद्यात शेतीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोयच आहे. पण वन्यजीव कायद्याप्रमाणे पीक खाणाऱ्या डुकरावरही वन खात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. पीक वाचवायला बंदूक दिली, ज्याच्यापासून वाचवायचं त्याच्यावर ती चालवायला दुसरा कागद हवा. गव्याच्या बाबतीत तर नुसतं पिकाचं नुकसान हे कारणच पुरत नाही. मात्र तोच गवा किंवा तेच डुक्कर तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलं आणि जीव वाचवायला सद्‌भावनेने मारलंत, तर 1972 च्या कायद्याचं कलम 11 तुम्हाला वाचवतं. अट एकच, त्या वेळी तुम्ही स्वतः त्या कायद्याविरुद्ध काही करत असता कामा नये. म्हणजे शिकारीला गेला होतात आणि डुक्कर अंगावर आलं, हे चालणार नाही. मेलेलं जनावर सरकारचं, त्याचा वाटा पडत नाही. हे सांगितलं की बाकावर थोडी कुजबूज होते.

डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या आमच्याकडे अधूनमधून येतातच. त्यात स्वसंरक्षण कुठेच बसत नाही. कुणी स्वतःच्या जिवाला घाबरलेलं नसतं, झुडूप हललं म्हणून चाप ओढलेला असतो.

कलम 36 बद्दल वाचलं की मला माहेरची वाडी आठवते. वेडाच्या भरात असलेल्या माणसाला शिक्षा होत नाही, पण त्याच्यापासून स्वतःला वाचवायचा हक्क तुम्हाला पूर्ण असतो, असं ते कलम सांगतं. मी कॉलेजात असताना वाडीतला एक मुलगा कोयता घेऊन घराघरांतून फिरत होता. औषध बंद झालेलं, झोप नाही, कुणालाच ओळखत नव्हता. आमच्या काकांच्या ओटीवर भरलेली बंदूक होती आणि ते उत्तम नेमबाज. त्यांनी बंदूक आत ठेवून दाराला कडी घातली आणि दोघा रापणकरांना हाक मारली. मासे पकडायच्या जाळ्यात त्याला गुंडाळून खाली पाडलं. एकाच्या दंडावर वार बसला, टाके पडले. मुलगा नंतर बरा झाला, लग्न झालं, आता गोव्यात नोकरी करतो. काकांनी त्या दिवशी बार काढला असता, तर आज वकील म्हणून मी त्यांना बहुधा सोडवू शकले असते. काकांना यातलं एकही कलम ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अगो, आपलोच पोर तो."

समजा, बार काढावाच लागला. मग पुढे काय? आधी जखमीला दवाखान्यात पोचवायची सोय करा, 112 ला फोन करा, आणि जागेवरचं काही हलवू नका. रिकामं काडतूस खिशात घालून ओढ्यात टाकणारे मी पाहिलेत. न्यायवैद्यक प्रयोगशाळा जखमेच्या कडेचा काळेपणा, दारूचे कण, छर्‍यांचा पसारा यावरून अंतर काढते. जखम छातीवर आहे की पाठीवर, हे तर शवविच्छेदनाच्या पहिल्या पानावरच येतं. तुम्हाला मार लागला असेल तर तुमचीही वैद्यकीय तपासणी करून घ्या, त्याच दिवशी. खरचटलेलं सुद्धा दाखवा. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकारी पक्षाला करता आला नाही, तर त्याचा फायदा बचावाला होऊ शकतो.

आणि गोष्ट एकच सांगा. घाबरलेला माणूस आधी म्हणतो मी तिथे नव्हतोच, मग म्हणतो झटापटीत चुकून उडाली, आणि शेवटी वकिलाकडे आल्यावर म्हणतो, जीव वाचवायला झाडली. चुकून उडाली आणि वाचवायला झाडली, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. मुंबईचं नानावटी प्रकरण सगळ्यांना माहीत असतं ते प्रेमाच्या त्रिकोणासाठी. वकिलांना ते आठवतं वेगळ्या कारणाने. 1959 मध्ये नौदलाच्या त्या अधिकाऱ्याचा बचाव होता की रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं. पण गोळ्या तीन होत्या, आणि नुकत्याच अंघोळ करून आलेल्या मृताच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता. उच्च न्यायालयाने ज्यूरीचा कौल फिरवून जन्मठेप दिली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तो टॉवेल मी प्रत्येक नव्या ज्युनिअरला सांगते.

स्वसंरक्षण सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, नव्या साक्ष अधिनियमाचं कलम 108. पण सरकारी पक्षाला जसा निःसंशय पुरावा द्यावा लागतो, तितका त्याला द्यावा लागत नाही. असं घडलेलं असण्याची शक्यता जास्त आहे, इतकं दिसलं तरी पुरतं, आणि ते सरकारी साक्षीदारांच्या तोंडूनही निघू शकतं. हक्क होता पण सद्‌भावनेने त्याची मर्यादा ओलांडली गेली असं ठरलं, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होतो आणि शिक्षा खाली येते. बंदूक विनापरवाना असेल तरी जीव वाचवायचा हक्क जात नाही, फक्त शस्त्र कायद्याचा खटला स्वतंत्र चालतो आणि त्यात सुटणं कठीण.

परवान्याची असली तरी ती त्या दिवसापासून मुद्देमाल होते. लेबल लावून, सील करून आधी प्रयोगशाळेत आणि मग कोर्टाच्या कोठीत. दमट कोठीत वर्षानुवर्षं पडून नळीला गंज चढतो. दरम्यान परवाना निलंबित करता येतो, रद्दही होऊ शकतो. निर्दोष सुटलात तरी बंदूक आपोआप हातात येत नाही, अपिलाची मुदत जाऊ द्यावी लागते, मग परतीचा वेगळा अर्ज, आणि परवाना जिवंत नसेल तर तो आधी जिवंत करावा लागतो. त्या अर्जाची फी मी घेत नाही.